प्रतिसाद: आधी कॉब अँगल किती ते विचारा

ताई, तेराव्या वर्षी लेकीच्या पाठीला बाक आलाय आणि डॉक्टर नुसतं पट्टा लावा, व्यायाम करा म्हणतायत असं लिहिलंय तुम्ही, पण रिपोर्टमध्ये कॉब अँगल, म्हणजे एक्सरेवर मोजलेला मणक्याच्या बाकाचा कोन, किती आहे ते काही लिहिलं नाहीत. १० अंशांपासून पुढं स्कोलिओसिस (मणका बाजूला वाकणं) म्हणतात, वाढीच्या वयात साधारण २५ ते ४० असेल तर ब्रेस, आणि ४५-५० च्या पुढं गेलं की ऑपरेशनचं बोलणं निघतं. मेडिकलमधला कमरेचा पट्टा म्हणजे ब्रेस नव्हे हो! तो अंगाच्या मापाचा, कडक प्लास्टिकचा असतो आणि दिवसातले बरेच तास घालावा लागतो, शाळेतसुद्धा.

माझ्या पुतणीचं आम्ही मिरजेत दाखवलेलं. दप्तराचा एक बंद सारखा खांद्यावरून घसरायचा, वाकायला लावलं तर उजव्या बाजूच्या फासळ्या वर आलेल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न पाळी कधी सुरू झाली हा विचारला, वहिनी बघतच राहिल्या, पण उंची वाढायची किती राहिलीय त्यावरच पुढचं बरंच ठरतं. एक्सरे उभं राहूनच, पूर्ण मणक्याचा काढा, झोपवून काढला की बाक कमी दिसतो.

पुण्याला जाणार असाल तर लहान मुलांची स्कोलिओसिसची ऑपरेशनं नेहमी करणारा स्पाइन सर्जनच गाठा, न्यूरोमॉनिटरिंग, म्हणजे ऑपरेशन चालू असताना नसांवर यंत्रानं लक्ष ठेवायची सोय, आहे का तेही विचारा. पायात मुंग्या, ताकद कमी किंवा लघवीवर ताबा नाही असलं काही असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. आणि मणका बसवून देणाऱ्यांकडं तर अजिबात नेऊ नका, आमच्याकडं गावोगाव आहेत असले.