शब्दचर्चा : ‘कवोद हाब्रियोत’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :

ज्यू धर्मपरंपरा प्रत्येक माणसाचे मोल कसे मानते, या विषयावर मराठीत लिहीत असताना ‘कवोद हाब्रियोत’ या हिब्रू संज्ञेपाशी मी अडलो आहे. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असा प्रयोग आहे, म्हणून प्रथम ‘मानवी प्रतिष्ठा’ असे लिहिले. परंतु ताल्मुदमधील, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मशास्त्र्यांच्या) चर्चांच्या प्राचीन ग्रंथातील, एका उताऱ्यात हीच संज्ञा चोराच्या संदर्भात येते आणि ‘चोराची प्रतिष्ठा’ हे शब्द वाचताना खटकतात. सन्मान, मान, गौरव यांपैकी काय घ्यावे? ‘त्सेलेम एलोहीम’ या संज्ञेसाठीही तोच शब्द चालेल का?

उत्तर :

दोहोंना एकच शब्द चालणार नाही, कारण त्या दोन वेगळ्या कल्पना आहेत.

‘त्सेलेम एलोहीम’ बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात येते : देवाने माणसाला आपल्या त्सेलेममध्ये निर्माण केले. मराठी बायबलमध्ये येथे ‘प्रतिरूप’ आहे आणि तो शब्द चुकीचा नाही, तरी माझा कौल ‘प्रतिमा’ या शब्दाला आहे. त्सेलेम म्हणजे घडवलेली मूर्तीही. गणनेच्या पुस्तकात कनानी लोकांच्या ओतीव मूर्तींना हाच शब्द वापरला आहे. ज्या धर्माने मूर्ती घडवणे कटाक्षाने निषिद्ध ठरवले, त्याने देवाची एकच प्रतिमा मान्य केली आणि ती म्हणजे चालताबोलता माणूस, हा अर्थ ‘प्रतिरूप’मध्ये पुसट होतो. रब्बींच्या कथाही ‘प्रतिमा’ हा शब्द धरूनच उलगडतात. हिल्लेल हे प्राचीन ज्यू गुरू स्नानाला निघाले असता शिष्यांनी विचारले की आपण कोठे चाललात, तेव्हा ते म्हणाले की एक धर्मकृत्य करायला. नाट्यगृहांत उभ्या असलेल्या राजांच्या पुतळ्यांची धुण्यापुसण्याची व्यवस्था ज्याच्याकडे असते त्याला त्याबद्दल वेतन आणि मान मिळतो, तर मी देवाच्या प्रतिमेत घडलेल्या या देहाची निगा का राखू नये?

यापेक्षाही बोलकी कथा देहदंड झालेल्या गुन्हेगाराची आहे. त्याचा देह रात्रभर टांगून ठेवू नये, त्याच दिवशी पुरावा, अशी बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे. रब्बी मेईर तिचे कारण सांगतात : दोन जुळे भाऊ होते, एक राजा झाला आणि दुसरा दरोडेखोर, दरोडेखोराला टांगले तेव्हा पाहणारे म्हणू लागले की राजालाच टांगले आहे. गुन्हा सिद्ध झाला, शिक्षाही झाली, तरी चेहऱ्यातले साम्य गेले नाही.

आता ‘कवोद’. हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ ‘जड असणे’ असा आहे. संस्कृतातही ‘गुरु’ म्हणजे जड आणि त्यापासून ‘गौरव’, त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘गौरव’ इतका जवळचा शब्द दुसरा सापडणार नाही. पण आजच्या मराठीत गौरव कर्तबगार माणसाचा होतो, समारंभपूर्वक होतो, आणि येथे नेमके तेच अभिप्रेत नाही. ‘प्रतिष्ठा’चीही अडचण हीच आहे. राज्यघटनेने त्या शब्दाला व्यापक अर्थ दिला हे तिचे मोठेपण खरे, परंतु व्यवहारात प्रतिष्ठा मिळवावी लागते, जपावी लागते, आणि ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणताना उरलेले नागरिक आपण आपोआप वगळतो. म्हणून मी ‘मनुष्यमात्राचा मान’ असे सुचवीन. ‘ब्रियोत’ म्हणजे शब्दशः निर्माण केलेले जीव, पण रब्बींच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणसे’ असाच होतो, आणि ‘मात्र’ या प्रत्ययाने कोणीही बाहेर राहत नाही. शिवाय मराठीत मान ‘राखला’ जातो, म्हणजे तो राखण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. धर्मशास्त्रात या संज्ञेचा उपयोग बहुतेक ठिकाणी असाच आहे : येथे दुसऱ्याने काय करावे आणि काय टाळावे, हे ती सांगते.

चोराचा उतारा या दृष्टीने पाहावा. चोरलेला बैल कापला किंवा विकला तर पाचपट भरपाई आणि मेंढरू असेल तर चौपट, असा तोरातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला, नियम आहे. हा फरक का, याचे उत्तर रब्बी योहानान बेन झक्काई असे देतात की मनुष्यमात्राचा मान किती मोठा आहे ते पाहा : बैल आपल्या पायांनी चालत गेला, मेंढरू मात्र चोराला खांद्यावर वाहून न्यावे लागले, त्यात त्याची जी मानहानी झाली तेवढी सूट त्याला मिळाली. ज्याने कायदा मोडला त्याची मानहानीसुद्धा कायदा हिशेबात धरतो, हे मला या सबंध विषयाचे मर्म वाटते.

या तत्त्वाला कायद्यात बळही आहे. मनुष्यमात्राचा मान एवढा थोर की त्यापुढे तोरातील निषेधही बाजूला सरतो, असे वचन ताल्मुदमध्ये आहे. पुढच्याच चर्चेत त्याची व्याप्ती रब्बींनी घातलेल्या निर्बंधांपुरती आखून घेतली, तरी तेवढ्यानेही पुष्कळ साधले. शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी शौचानंतर स्वच्छतेसाठी लागणारे दगड उचलून नेण्याची मुभा याच आधाराने दिली गेली. आणि ज्याला पुरायला कोणी नाही अशा बेवारस मृताचे दफन करणे हे कर्तव्य महायाजकालाही, म्हणजे मंदिराच्या प्रमुख पुरोहितालाही, चुकत नाही, जरी एरवी त्याला स्वतःच्या आईवडिलांच्या प्रेतानेही विटाळ करून घेण्याची मनाई आहे.

पुढचा प्रश्न :

‘जो एक जीव नष्ट करतो त्याने जणू सारे जग नष्ट केले’ या मिश्नातील (ताल्मुदला आधारभूत असलेल्या धर्मनियमांच्या ग्रंथातील) वचनात काही ठिकाणी ‘इस्रायलातील एक जीव’ असे वाचायला मिळते. खरा पाठ कोणता? आणि ‘नेफेश’ला ‘जीव’ म्हणावे की ‘आत्मा’?

उत्तर :

‘जीव’च म्हणावे. नेफेशमध्ये श्वास, प्राण, जिवंतपणा हे सारे येते आणि मराठीत जीव जातो, वाचतो, घेतला जातो. आत्म्याचे असे होत नाही.

पाठभेद मात्र खरा आहे. ताल्मुदच्या छापील आवृत्त्यांत ‘इस्रायलातील’ हा शब्द आहे, पण बुडापेस्ट येथे जतन केलेल्या मिश्नाच्या काउफमान हस्तलिखितात तो नाही. संदर्भ पाहिला तर कोणता पाठ अर्थाला धरून आहे हे स्पष्ट होते. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना साक्षीपूर्वी जो इशारा दिला जाई त्यातले हे वचन आहे, आणि त्याचा सारा आधार पहिला माणूस आदाम एकटाच निर्माण झाला यावर आहे. आदाम तर इस्रायली नव्हता. त्याच परिच्छेदात पुढे म्हटले आहे की माणूस एका छापाने अनेक नाणी पाडतो आणि ती सगळी सारखी निघतात, पण देवाने प्रत्येक माणूस आदामाच्याच छापाने घडवूनही एक दुसऱ्यासारखा नाही. आणि आदाम एकटा निर्माण केला तो माणसामाणसांत सलोखा राहावा म्हणूनही, म्हणजे ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा’ असे कोणी कोणाला म्हणू नये.

हे शेवटचे वाक्य मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. मिश्र संबंधांतून आलेल्या कुळांना काळे ठरवून त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळला जाई. पुढे तोच समाज इस्रायलला गेल्यावर तेथील मुख्य रब्बींनी 1962 मध्ये त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध त्यांना धरणे धरावे लागले, आणि 1964 मध्ये क्नेसेटच्या, म्हणजे इस्रायली संसदेच्या, खास अधिवेशनानंतर ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा मिळाला. मिश्नाचे वचन दोन्ही वेळा उपलब्ध होते. ‘माझा बाप मोठा’ म्हणणारे मात्र दोन्हीकडे निघाले, आणि पहिल्या वेळी ते आपले मराठी बोलणारेच होते, हे लिहून ठेवले पाहिजे.

आणखी एक प्रश्न :

‘हलबानात पानीम’, म्हणजे शब्दशः ‘चेहरा पांढरा करणे’, यासाठी ‘तोंड काळे करणे’ चालेल का?

उत्तर :

चालणार नाही. आपल्याकडे तोंड काळे होते ते दुष्कृत्य करणाऱ्याचे. येथे ज्याला चारचौघांत लाजवले त्याचा चेहरा पांढराफटक पडतो आणि दोष लाजवणाऱ्याचा असतो. ताल्मुदमध्ये म्हटले आहे की जो दुसऱ्याला लोकांदेखत लाजवतो त्याने जणू रक्त सांडले, आणि त्यावर एक रब्बी म्हणतात की खरेच आहे, लाली ओसरून पांढरेपणा येताना आपण पाहतोच. यासाठी ‘पाणउतारा’ हा शब्द घ्यावा. त्यातही चेहऱ्यावरचे पाणी, म्हणजे तेज, उतरते, आणि तो नेहमी कोणीतरी दुसऱ्याने केलेला असतो. ‘चारचौघांत पाणउतारा करणे हे रक्त सांडण्यासारखे आहे’ असे वाक्य केले तर तळटीप लागणार नाही.