सुपरचार्ज्ड सहा सिलिंडर हवंच, पण डायरेक्ट इंजेक्शन कशाला?

रामबागकर
महेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाट लागतो. पुढे लोड घेतलेला ट्रक, चढ, वळण. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की माझी तीन लिटरची सहा सिलिंडरची सुपरचार्ज्ड सेडान तत्क्षणी झेपावते. टर्बो आणि सुपरचार्जर, दोन्ही इंजिनात हवा दाबून भरणारे पंप. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, त्याला जोर धरायला वेळ लागतो. सुपरचार्जर बेल्टने थेट क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला जोडलेला. इंजिन फिरलं की हवा आलीच. या सुखासाठीच ही गाडी सेकंडहँड घेतली.

माझी तक्रार पेट्रोल कुठे सोडतात याबद्दल आहे. जुन्या पद्धतीत इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत असतो, पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि तो धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते शंभर बारपेक्षा जास्त दाबाने थेट सिलिंडरमध्ये. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) तेलाची वाफ मात्र अजूनही व्हॉल्व्हवरूनच जाते. तेल येतंय, धुणारं कोणी नाही.

६२,००० किलोमीटरला सकाळच्या पहिल्या स्टार्टला गाडी थरथरायला लागली, इंजिनचा दिवा लागला, मिसफायर. म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हतं. देवास नाक्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिकने बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घातला. कढईच्या बुडाला वर्षानुवर्षं जळून बसलेलं तेल असतं ना, व्हॉल्व्हच्या मानेवर तसा थर. नंतर बांबूच्या काडीने खरवडून बघितला. वरून चिकट, आतून कोळशासारखा कडक.

आणि व्ही-सिक्समध्ये तीन-तीन सिलिंडरच्या दोन तिरक्या ओळी (बँका) असतात. सुपरचार्जर बसतो तो त्यांच्या मधल्या खोबणीत, बरोबर पोर्टांच्या डोक्यावर. म्हणजे कूलंट काढा, अख्खा सुपरचार्जर उचलून बाहेर ठेवा, गॅस्केट नवी आणा, मग एकेका पोर्टात अक्रोडाच्या टरफलाचा भरडा हवेच्या दाबाने मारा. दोन दिवस गेले. पंपावर मिळणाऱ्या क्लीनरच्या बाटल्यांचा इथे उपयोग नाही, पेट्रोल त्या जागी पोचतच नाही. माझं स्पष्ट मत: या इंजिनाची मजा हवेत आहे. पोर्ट इंजेक्शन पुरलं असतं.

पिथमपूर_शिफ्ट
काका, त्रास खरा आहे, पण निष्कर्ष पटला नाही. हवा दाबली की तापते, त्यात माळव्यातला मे महिना, बाहेरच ४२ अंश. पेट्रोल सिलिंडरच्या आत उडतं तेव्हा तिथली उष्णता खेचून घेतं आणि मिश्रण थंड होतं. त्यामुळे नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप भडकणं) आवरतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबायचं ते, वर ठेवता येतं. आधीच्या काळात बूस्ट (दाबलेली हवा) द्यायचा म्हणजे कॉम्प्रेशन उतरवायचं, आणि पाय हलका असताना इंजिन मेल्यासारखं चालायचं. ऑडीच्या तीन लिटर सुपरचार्ज्ड व्ही-सिक्सचं कॉम्प्रेशन १०:१ च्या वर आहे आणि एस-४ मध्ये ते ३३३ पीएस (अश्वशक्ती), ४४० न्यूटन मीटर टॉर्क देतं. तुम्हाला भेरूघाटात मिळतं त्या पिकअपमध्ये या थंडाव्याचाही वाटा आहे.

लोकमान्यनगर_गॅरेज
मग लोटस एक्सिजचं काय? २०१२ पासूनच्या एक्सिज एस मध्ये टोयोटाचं साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स, वर सुपरचार्जर, ३५० पीएस, आणि इंजेक्शन साधं पोर्टातलं. कॉम्प्रेशनही काही पाडलेलं नाही. व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. काकांचंच म्हणणं खरं ठरतं.

पिथमपूर_शिफ्ट
दादा, हिशेब लिटरमागे करा. तिकडे लोटसमध्ये लिटरला शंभर पीएस, इकडे ऑडीत एकशे अकरा. शिवाय ती बाराशे किलोच्या आतली गाडी, ही वजनदार सेडान. जड गाडी रोज हाकायची तर अ‍ॅव्हरेज बघावं लागतं, आणि सुपरचार्जर स्वतःच क्रँकची ताकद खातो. ती कुठून तरी भरून काढायला नको?

जुनी_गाडी_ग्वाल्हेर
१९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल आठवा. तीच सहा सिलिंडर, तीच तीन लिटर, डायरेक्ट इंजेक्शन. त्यात इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल सोडत राहायचा. ते न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरायचं आणि इंजिन ऑइल पातळ करायचं. म्हणजे या पद्धतीच्या ताकदीची किंमत मालकाने मोजायची, हे पहिल्यापासून चालत आलंय. मी रामबागकरांच्या बाजूने.

राजेंद्रनगरची_सई
हा प्रश्न फक्त मोठ्या गाड्यांचा समजू नका. २०१९ पासून ह्युंदाई व्हेन्यूच्या एक लिटर टर्बोतही डायरेक्ट इंजेक्शन आहे, आणि त्या गाड्या आपल्या गल्लीत दहा-दहा उभ्या आहेत. व्हॉल्व्हच्या काजळीइतकीच मला धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या बारीक कणांची काळजी वाटते. सिलिंडरमध्ये पेट्रोलला मिसळायला वेळ कमी मिळतो, थेंब नीट न उडता जळतात आणि काजळीचे कण तयार होतात. बीएस-६ च्या प्रदूषण नियमांत पेट्रोल गाड्यांपैकी फक्त डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना कणांच्या संख्येची मर्यादा घातली, ती काय उगाच? स्वच्छतेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या शहराने हे बोलायला हवं.

लोकमान्यनगर_गॅरेज
यावर मार्ग निघालेला आहे. टोयोटाने २००५ मध्ये लेक्सस आयएस ३५० च्या व्ही-सिक्सला दोन्ही इंजेक्टर दिले, पोर्टात एक आणि सिलिंडरमध्ये एक. हलक्या पायाला पोर्टवाल्याचीही मदत, जोर लागला की आतला. थंडावाही मिळाला, व्हॉल्व्हही धुतला गेला. खर्च वाढतो म्हणून सगळ्यांनी केलं नाही, आणि मला राग त्याचाच आहे. कंपनीने इंजेक्टर वाचवले, सुपरचार्जर उचलायची मजुरी मालकाच्या माथी.

पिथमपूर_शिफ्ट
हे मान्य. पण काका, एक विचारतो. गाडी रोज किती चालते? रामबाग ते राजवाडा असेल तर इंजिन धड तापतच नाही आणि ओलसर वाफ इनटेकमध्ये जात राहते. सगळा दोष इंजेक्शनवर टाकू नका.

रामबागकर
रोजचे जेमतेम चार किलोमीटर, ते कबूल. आता ऑइल ५,००० किलोमीटरला बदलतो, रविवारी देवासपर्यंत मोकळी पळवून आणतो आणि क्रँककेसची वाफ नेणाऱ्या ब्रीदरच्या पाइपवर कॅच कॅन (वाफेतलं तेल अडवणारा डबा) बसवलाय. काल पहिल्यांदा उघडला. फिकट चहासारखं, पेट्रोलचा वास मारणारं पाणचट तेल, अर्धी वाटी. हे सगळं व्हॉल्व्हवरून गेलं असतं.

पिथमपूर_शिफ्ट
अर्धी वाटी खूप झाली. त्यात पाणी किती ते बघा, काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवलं की थर वेगळे होतील. आणि पुढच्या वेळी बोरस्कोप घालाल तेव्हा फोटो टाका.

रामबागकर
टाकतो. ६२,००० चा फोटो ठेवलाय, त्याच व्हॉल्व्हचा घेईन.