मदत हवी आहे : झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर घ्यावा का? (त्र्यंबकेश्वर तालुका)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत कामाला आहे. गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यात, आणि गावापासून वर डोंगराला आमचा पाडा. चाळीसेक घरं, दोनशेच्या आसपास माणसं. पाण्याबाबतचा एक निर्णय येत्या ग्रामसभेत व्हायचा आहे. तो चुकला तर मागे फिरता येणार नाही, म्हणून जाणकारांना विचारतोय.

आमच्याकडे पाऊस कमी नाही. आषाढ-श्रावणात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. याच डोंगरांतून गोदावरी निघते, खाली गंगापूर धरण भरतं, नाशिक शहर ते पाणी पितं, पुढचं जायकवाडीला जातं. वैतरणेचं मुंबईला जातं. आणि होळी झाली की आमच्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या. धरणं खाली, पाडा वर. मातीचा थर वीतभर, त्याखाली काळा कातळ. पडलेलं पाणी थांबायला जागाच नाही.

नळ योजनेचे पाईप घरापर्यंत आलेत, टाकीही उभी आहे. पण उद्भव विहीर, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर, फेब्रुवारीतच तळ गाठते, मग नळाचा काय उपयोग? टँकर मंजूर झाला तरी पाड्याची चढण चढत नाही. तो खालच्या विहिरीत पाणी ओततो, तेही गढूळ, आणि तिथून डोक्यावर आणायचं.

खरा आधार झऱ्याचा आहे. पाड्याच्या वर, वन विभागाच्या हद्दीत, उंबराच्या मुळाशी तो निघतो. पूर्ण आटलेला म्हाताऱ्या माणसांनीही पाहिलेला नाही, पण चैत्र-वैशाखात धार करंगळीएवढी होते. खाली खडकात घमेल्याएवढा खळगा आहे. त्यात वाटी आडवी धरून वरचं पाणी अलगद उचलायचं, फडक्यातून हंड्यात ओतायचं. कुणाची वाटी तळाला लागली की सगळं ढवळतं आणि मागच्या सगळ्या जणी निवळायची वाट बघत बसतात. रात्रीत साचलेलं पाणी मिळावं म्हणून बाया पहाटे तीनला निघतात. सोबत शाळेतल्या पोरीही असतात, आणि त्या वर्गात झोपतात.

आता निर्णयाचं. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांनाच वापरता येणारा) निधी आहे आणि तो वेळेत खर्ची पडायला हवा. त्यातून बोअर, सोलर पंप आणि टाकी असा प्रस्ताव आहे. पाणाड्याने नारळावर जागा दाखवली, ती नेमकी झऱ्याच्या वरच्या सपाटीवर, शंभरेक फुटांवर. तीनशे फूट जायचं म्हणतात. बहुतेक घरं बोअरच्या बाजूने आहेत आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही. बाईला उद्या सकाळी पाणी हवंय.

पण माझ्या सासुरवाडीला, पेठकडे, असाच झऱ्याच्या वर बोअर झाला. पहिली दोन वर्षं पाणी दिलं. नंतर बोअर कोरडा पडला आणि झराही गेला. बोअरमुळेच गेला का, हे तिथे कुणी मोजलेलं नाही. आमचा झरा असा गेला तर पाडाच उठवावा लागेल.

तर, वरच्या बोअरने झरा खरंच आटू शकतो का? बोअर नको म्हटलं तर झऱ्याचंच काही करता येईल का, की उन्हाळ्यात दोनशे माणसांना पुरेल? आणि वन विभागाच्या जागेत बांधकामाची परवानगी कशी मिळते? कुणी हे प्रत्यक्ष केलेलं असेल तर कृपया लिहा.

— पाड्यावरचा

कातळकडा :
दादा, भूजलाचं काम बरीच वर्षं केलंय म्हणून लिहितो. तुमची भीती रास्त आहे. आपला बेसाल्ट लाव्हाच्या थरांनी बनलाय. वरचा थर झिजलेला किंवा सच्छिद्र असतो, त्यात पावसाचं पाणी मुरतं. खाली घट्ट कातळ लागला की ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं. तोच तुमचा झरा. त्याच्या वरच बोअर घेतला तर दोन गोष्टी होतात. पंप तेच पाणी आधी उपसतो, आणि घट्ट थराला भोक पडल्याने वरचं पाणी खालच्या भेगांत उतरू शकतं. पंप बंद केला तरी भोक राहतंच. प्रत्येक ठिकाणी असं होईलच असं नाही, पण शंभर फूट म्हणजे फारच जवळ. बोअर घ्यायचाच असेल तर झऱ्याच्या पाणलोटाबाहेर, पाड्याच्या खालच्या अंगाला जागा बघा, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून पाहणीचा अहवाल मागा. ग्रामपंचायतीने पत्र दिलं की ते करतात. नारळावर एवढा पैसा लावू नका.

त्याआधी एक काम आजच करा. झऱ्याची धार मोजा. पन्हळ लावून वीस लिटरचा कॅन किती वेळात भरतो ते बघा. दहा मिनिटांत भरला तर मिनिटाला २ लिटर, म्हणजे चोवीस तासांत २८८० लिटर. दोनशे माणसांत माणशी १४ लिटर. प्यायला आणि स्वयंपाकाला हे पुरतं. तुमच्याकडे खळगा घमेल्याएवढा, म्हणजे तो भरला की पुढचं पाणी रात्रभर वाहून जातंय.

सुरगाण्याची लेक :
कातळकडा यांच्याशी सहमत. आमच्याकडे झऱ्याच्या तोंडाशी दगड-वाळूची गाळणी करून वर झाकण असलेली छोटी पेटी बांधली. तिथून उताराने पाईप आणि पाड्याजवळ पाच हजार लिटरची टाकी. वीज नाही, पंप नाही. पहाटेची रांग संपली. दादा, एकच सांगते, झऱ्याचं तोंड खोदून मोठं करायला देऊ नका. कुणीतरी सुरुंगाची गोष्ट काढतंच. त्याने धार दुसरीकडे वळली तर हाती काही राहत नाही. झऱ्याच्या वर गुरं बसू देऊ नका, आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या मागे लागा.

परवानगीचं : वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाईपलाईन त्यात आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, तोडायची झाडं हेक्टरी ७५ च्या आत, आणि ग्रामसभेची शिफारस. तुमच्या कामात तर एकही झाड तोडायचं नाही. तुमचा तालुका पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात) आहे, तेव्हा ठराव पाड्यातल्या माणसांसमोर होऊ द्या आणि बायांच्या सह्या जास्त घ्या.

पाड्यावरचा :
दोघांचेही मनापासून आभार. रात्रीचं पाणी वाहून जातंय, हे आमच्या कुणाच्या बोलण्यातच आलं नव्हतं. रविवारी जाऊन धार मोजतो, आकडे इथेच टाकतो.

सुरगाण्याच्या ताई, अजून एक. नळ योजनेची टाकी पाड्याला लागूनच आणि झऱ्यापेक्षा बरीच खाली आहे. झऱ्याचा पाईप थेट तिच्यातच सोडला तर वेगळी टाकी बांधायचा खर्च वाचेल. पण ती मोठी आहे, इतक्या बारीक धारेने पाणी तळाशीच पसरून राहील आणि नळाला यायचं नाही, असं फिटर म्हणतो. तुम्ही वेगळी टाकी त्यामुळेच घेतली का? आणि गाळणीची वाळू दरवर्षी काढून धुवावी लागते का?

कातळकडा सर, धुण्या-भांड्याच्या पाण्यासाठी खालच्या अंगाला बोअरची पाहणी मागायची तर पत्रात झऱ्याचा उल्लेख आणि त्याची धार लिहावी का?

कातळकडा :
अवश्य लिहा. मोजल्याची तारीखही टाका, आणि पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला त्याच जागी, त्याच कॅनने मोजत राहा. ठरावाला ती वही जोडा.