ऑपेरा हाऊसचा मुलामा आणि आपली नाट्यगृहं

गिरगावकर: काल कुणीतरी लिहिलं, "रॉयल ऑपेरा हाऊसचं नूतनीकरण म्हणजे श्रीमंतांसाठी सोनेरी रंगरंगोटी." काय बोलता राव! मुंबईतली ही 1993 ला कुलूप लागलेली वास्तू 2016 ला उघडली. सिनेमाच्या काळात गेलेले बॉक्स, म्हणजे बाजूच्या सज्जातल्या खास बैठका, वास्तुविशारद आभा नारायण लांबांच्या चमूने जुन्या फोटोंवरून पुन्हा उभे केले. आणि तिथली प्लास्टरची नक्षी नुसती शोभेची नाही. उंचसखल प्लास्टरवर आवाज आपटून विखुरतो. आपल्याकडे नूतनीकरण म्हणजे गुळगुळीत ग्रॅनाइट आणि दारात उद्घाटनाची पाटी.

पिटातला: खुर्च्या 575. भाडं, नेपथ्याचा टेम्पो, नटांची नाइट (दर प्रयोगाचं मानधन), जाहिरात. हिशोब बसवून दाखवा, मग नक्षीचं बोलू.

गिरगावकर: गोंडलच्या राजघराण्याची खासगी वास्तू आहे. तुमच्या खिशातून काय गेलं?

विंगेतून: भाडं मरू दे. 1911 साली पंचम जॉर्जने उद्घाटन केलं तेव्हा माईक होता का? माझे मामा संगीत नाटकात होते, त्यांची नांदी शेवटच्या रांगेत लख्ख ऐकू यायची. आताचे नट गालाला माईक चिकटवून कुजबुजतात.

साऊंडवाला: आले मामा! तेव्हा एसी होता? डोक्यावर डक्ट घरघरतोय, तिसऱ्या रांगेत मोबाइल वाजतोय, त्यात मामांना उभं करा.

विंगेतून: मामा वारलेत. जरा जपून.

साऊंडवाला: क्षमस्व. पण मुद्दा सोडत नाही. एका पालिकेच्या नाट्यगृहात एसी बंद करायला सांगितला, तर प्रेक्षक पंधरा मिनिटांत बाहेर येऊन भांडायला लागले. शांत एसीला रुंद डक्ट आणि मंद हवा लागते. निविदेत तो खर्च कोण मंजूर करतो?

मध्यंतर: आणि बायकांची स्वच्छतागृहं? दुसऱ्या अंकाची घंटा होते तरी आमची रांग हलत नाही. माईक-माईक काय करताय!

विंगेतून: ताई, पटलं. पण आवाज कमावला तर एसीवरही मात होते.

साऊंडवाला: रोज दोन प्रयोग करून? मग घशाच्या डॉक्टरचं बिल निर्मात्याच्या नावे फाडा.

पिटातला: बरं बाबा, बॉक्स सुंदर आहेत. लिहून देतो. आता गिरगावकरांनी तिथलं एक तिकीट काढून द्यावं.

गिरगावकर: आधी मागच्या प्रयोगाच्या तिकिटाचे पैसे द्या.