ओशनसाइडचा कोस्टल रेल ट्रेल: सलग रस्ता आहे की नुसतं नाव?

गुडघे_शाबूत

नमस्कार मंडळी. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला असतात, आम्ही दोघं मेपासून त्यांच्याकडेच आहोत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस ओशनसाइडला समुद्राजवळ घर घेतलंय. बाकीच्यांचा बेत पाण्यात डुंबायचा आणि वाळूत लोळायचा. मला ते अर्ध्या तासाच्या वर सोसत नाही. वय ६३. घरी रोज सकाळी वीसेक किलोमीटर सायकल चालवते, आणि इथं महिनाभर गॅरेजमधल्या व्यायामाच्या सायकलवर भिंतीकडे बघत पायडल मारतेय.

नकाशात ‘कोस्टल रेल ट्रेल’ दिसलं आणि जीव हरखला. ओशनसाइड ते सॅन डिएगो, ४४ मैल. मला वाटलं जुने रूळ काढून केलेला सपाट, बिनमोटारींचा रस्ता असणार. पण नकाशा मोठा करून बघितला तर रेघ मध्येच गडप होते आणि दोन गावं सोडून परत उगवते. जावई म्हणतो, “आई, तो रस्ता नाही, तो सरकारी संकल्प आहे.” खरं काय?

बरोबर दहा वर्षांचा नातू येणार म्हणतोय. हे सायकल चालवत नाहीत, पण खायच्या ठिकाणी वेळेवर हजर असतात, त्यांचीही सोय बघायची आहे. आणि एक शंका, हसू नका: उजवीकडून चालवायची सवय किती वेळात होते?

लुकेडियाकर

काकू, जावई निम्मे बरोबर आहेत. ४४ मैल हा आराखडा, प्रत्यक्षात झालेत ते तुकडे. आणि रूळ कुणी काढलेले नाहीत. १८८० च्या दशकातला मार्ग आहे, त्यावर आजही कोस्टर ही इथली लोकल गाडी, अ‍ॅमट्रॅक रेल्वे कंपनीची सर्फलायनर आणि मालगाड्या धावतात. ट्रेल म्हणजे रुळांच्या कुंपणाबाहेर जिथं जागा सापडली तिथं केलेली पट्टी. मधली अंतरं कोस्ट हायवे १०१ च्या सायकल लेनमधून भरून काढायची. हायवे म्हटल्यावर दचकू नका. घाईतल्या गाड्या आतल्या बाजूच्या आय-५ महामार्गावरून जातात, हा जुना रस्ता गावागावांतून सिग्नल घेत जातो.

मी दहा वर्षं इथं चालवतोय. जाऊन-येऊन करण्यात मजा नाही. ओशनसाइडहून निघा, सोलाना बीचला थांबा, आणि सायकलसकट कोस्टरने परत या. साधारण १६ मैल, म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तुमच्या रोजच्या हिशेबातलं. पण दिशा हीच ठेवा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. एक तर दुपारी वारा बहुतेक वायव्येकडून येतो, तो पाठीशी राहतो. दुसरं म्हणजे इथं उजवीकडून चालवायचं, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्या बाजूला असतो. उलट गेलात तर सगळा रस्ताभर चार लेनच्या पलीकडून समुद्र बघावा लागतो.

कार्ल्सबॅडमध्ये ओक अ‍ॅव्हेन्यूपासून टॅमरॅकपर्यंत रुळांशेजारचा छोटा तुकडा आहे, तिथून समुद्राकडे वळून कार्ल्सबॅड बुलेव्हार्ड पकडा. पुढे आग्वा हेदिओंदा नावाची खाडी लागते. स्पॅनिशमध्ये ‘घाण वासाचं पाणी’. नाव ठेवणाऱ्याने काही लपवलेलं नाही, पण आता वास येत नाही. या किनाऱ्यावर अशा खाड्या एकामागून एक आहेत, आणि प्रत्येक खाडीला रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे चढतो. सपाट रस्ता म्हणून निघालेले पाहुणे बटिकिटोस खाडीनंतर लुकेडियाच्या चढावर गप्प होतात. वर आलात की दोन्हीकडे जुने निलगिरीचे वृक्ष. तिथं सावलीत थांबा, तोच माझा परिसर.

एन्सिनिटासला सोनेरी कमळासारखे घुमट दिसले की समजा परमहंस योगानंदांचा आश्रम आला. त्यांनी आत्मचरित्र इथंच लिहिलं. खालच्या किनाऱ्याला लाटांवर खेळणारी पोरं ‘स्वामीज’ म्हणतात, तेच अधिकृत नावही झालंय. ध्यानाची बाग सगळ्यांना खुली असते, सोमवारी बंद. कड्याच्या टोकाला एक मंदिर होतं, ते १९४२ साली जमीन खचून गेलं. कडे अजून खचतायत. पुढे डेल मारला तर रूळच कड्याच्या काठावर आहेत, ते आत बोगद्यात हलवायची चर्चा चालू आहे. त्याच कामांमुळे काही शनिवार-रविवार गाड्या पूर्ण बंद असतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी कोस्टरचं वेळापत्रक बघाच. नाहीतर वाऱ्याच्या तोंडावर १६ मैल परत.

काकांचं सोपं आहे. त्यांना ओशनसाइडला कोस्टरमध्ये बसवून द्या, सोलाना बीचला उतरतील. स्टेशनच्या बाजूच्या सेड्रॉस अ‍ॅव्हेन्यूवर खायला भरपूर आहे.

सरळ_हँडल

सोलाना बीचला थांबायचं म्हणजे ताट वाढून भात न खाण्यासारखं. खरी मजा पुढे, टॉरी पाइन्सच्या चढात. काकू रोज वीस किलोमीटर करतात, त्यांना पूर्ण ४४ मैल सहज जमेल.

लुकेडियाकर

दहा वर्षांचं पोर आहे बरोबर. किनाऱ्यावरून सुमारे ४०० फूट चढ आहे तो, शेजारून गाड्या सुसाट. आणि वर गेल्यावर समुद्र सोडून विद्यापीठाच्या मागून रोझ कॅन्यनमध्ये शिरायचं. एकट्याने केलं तर छान आहे. सुट्टीत नातवाला घेऊन करू नये.

दोन_पोरांचा_बाबा

मी मुलांच्या बाजूने लिहितो. ताई, दहा वर्षांच्या मुलाला कार्ल्सबॅड बुलेव्हार्डवर न्यायला माझं मन धजत नाही. सायकल लेन आहे, पण काही ठिकाणी तिला लागून पार्किंग. सर्फिंगवाली मंडळी पाण्याकडे बघत फाडकन दार उघडतात. मोठा माणूस अंदाज घेऊन अंतर ठेवतो, मुलाला ते सुचत नाही.

त्याच्यासाठी हे करा: सायकली घेऊन कोस्टरने एन्सिनिटासला उतरा आणि तिथून सोलाना बीच, फक्त चार मैल. सँटा फे ड्राइव्हला रुळांखालून भुयारी वाट आहे. पलीकडे चेस्टरफील्ड ड्राइव्हपर्यंतचा १.३ मैलांचा पट्टा २०१९ साली खुला झाला, बिनमोटारींचा. एका बाजूला कार्डिफमधली घरं, दुसऱ्या बाजूला जाळीपलीकडे रूळ. गाडी आली की हवेचा झोत अंगावर येतो, मुलं खिदळतात. मग खाडीच्या तोंडाशी थोडा १०१, तिथं सायकल लेन वेगळी काढलेली आहे. आणि सोलाना बीचमध्ये परत १.७ मैलांची स्वतंत्र वाट, झाडं, कमानी. तिथं रूळ खोल चरात आहेत, गाडी पायाखालून जाते.

दुसरा पर्याय ओशनसाइडमध्येच आहे, सॅन लुइस रे नदीकाठची वाट. सुमारे ९ मैल, सपाट, एकही मोटार नाही. मात्र कडेच्या मातीत सायकल उतरवू देऊ नका. आमच्या धाकट्याने बदक बघायला उतरवली आणि दोन्ही चाकं बसली. टायरला हात लावला तर काय, आपला सराटा! तोच, गोखरू, शिंगांचा. लहानपणी शेतात अनवाणी पायात घुसायचा, इथं येऊन भेटला. काटा उपटू नका, आधी जागा खुणेने लक्षात ठेवा, मग काढा. मी उपटला आणि भोक शोधत बसलो.

भाड्याच्या सायकलीचं सांगतो. किनाऱ्यावर ज्या जाड टायरच्या, रुंद हँडलच्या देतात त्यांना बऱ्याचदा गिअर नसतात, ब्रेकही उलटं पायडल मारून. दिसायला झकास, खाडीच्या चढावर शिक्षा. गिअरची मागा. मला एकदा एका दुकानातून मिळालेल्या सायकलचा मागचा ब्रेक नुसता शोभेचा होता, ते उतारावर कळलं. तेव्हापासून दुकानासमोरच दोन फेऱ्या मारून बघतो. आणि हे महत्त्वाचं: इथं मागचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पुढचा डाव्या. आपल्याकडे बहुतेक उलट. घाबरून डावा करकचून दाबलात तर पुढचं चाक जागच्या जागी. उजवीकडून चालवायची सवय तासाभरात होते, बोटांची होत नाही.

मुलाला हेल्मेट हवंच, १८ वर्षांखाली कायद्याने सक्तीचं आहे. तुम्हीही घाला.

मुक्काम_व्हिस्टा

जूनमध्ये सकाळी सूर्य दिसला नाही तर हिरमुसू नका. समुद्रावरून ढग येऊन बसतात, इथली मंडळी त्याला ‘जून ग्लूम’ म्हणतात. दुपारी फाटतात. सायकलला उत्तम हवा, पण पातळ जाकीट घ्या, आणि ढग आहेत म्हणून सनस्क्रीन टाळू नका.

कोस्टरचं तिकीट प्रॉन्टो अ‍ॅपवर निघतं. सायकल नेण्याचे वेगळे पैसे नाहीत, डब्याच्या खालच्या मजल्यावर जागा असते, पट्ट्याने बांधायची. चुकून अ‍ॅमट्रॅकमध्ये चढू नका, तिथं सायकलचं आरक्षण लागतं. आणि ‘इनलँड रेल ट्रेल’ असं काही दिसलं तर तो वेगळा, आमच्याकडचा, एस्कोंडिडोच्या बाजूचा. माझ्या मेव्हण्याने तो पकडला आणि समुद्र कुठाय म्हणून फोन केला.

गुडघे_शाबूत

मंडळी, जाऊन आले, म्हणून वृत्तान्त.

पहिल्या दिवशी नातवाबरोबर एन्सिनिटास ते सोलाना बीच. कोस्टरमध्ये सायकल बांधताना पट्टा माझ्याच पदरात, म्हणजे ओढणीत अडकला, एका विद्यार्थ्याने सोडवला. आश्रमाच्या बागेत नातू पाच मिनिटं गप्प बसला, हा विक्रम आहे (रंगीत माशांमुळे, ध्यानामुळे नाही). कार्डिफच्या पट्ट्यावर त्याने प्रत्येक गाडीला हात केला. एका चालकाने शिट्टी दिली, आता तो मोठेपणी सर्फलायनर चालवणार आहे. चार मैलांना आम्हाला पावणेदोन तास लागले. हे सोलाना बीच स्टेशनच्या त्या अर्धगोल छताखाली डबा उघडून बसले होते. सेड्रॉसवरचं खाणं राहिलं, कारण पराठे त्यांनी घरूनच आणले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी, साडेसहाला, पूर्ण १६ मैल. ढग खाली, रस्ता ओला, माणूस तुरळक. कार्ल्सबॅडच्या पुढे एका गाडीचं दार उघडलं, पण मी हातभर लांबून जात होते, धन्यवाद. ब्रेकचं मात्र एकदा चुकलेच. बटिकिटोसच्या उतारावर डावा दाबला आणि सायकलने मागून लाथ मारली. पडले नाही. लुकेडियाच्या चढावर उतरून ढकलत नेली नाही, हे लुकेडियाकरांनी नोंदवून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी नदीकाठ. मातीत उतरवायची नाही असं चार वेळा बजावलं होतं. सराटे दोन निघाले. नातवाने ते काडेपेटीत ठेवलेत, शाळा उघडली की दाखवायला.