यामातोचा डेक 1945 ला काळा की लाकडी?

डोलकाठी:
दुसऱ्या महायुद्धातली जपानी युद्धनौका यामातो 1:350 च्या मॉडेलमध्ये एप्रिल 1945 च्या रूपात बांधणार असाल, तर डेक खोक्यावरच्या चित्रासारखा पिवळसर रंगवू नका. फिलिपिन्समधल्या लेतेच्या मोहिमेआधी, ऑक्टोबर 1944 मध्ये, काजळी मिसळलेल्या रंगाने डेक काळा केला होता असं बचावलेल्या खलाशांनी सांगितलं आहे. सान बर्नार्डिनोची सामुद्रधुनी रात्री ओलांडायची होती, त्यामुळे कारणही पटण्यासारखं आहे. 7 एप्रिल 1945 ला जहाज बुडालं, त्या दिवशी अमेरिकी विमानांतून काढलेल्या फोटोंतही उजळ डेक दिसत नाही.

सुकाणू:
ऑक्टोबरची साक्ष एप्रिलला लावता येत नाही. मधे नोव्हेंबरात जहाज जपानच्या कुरे इथल्या नौदल गोदीत परतलं, बॉम्बने झालेल्या नुकसानीची दुरुस्ती झाली. रंग तेव्हा खरवडला की ठेवला, हा खरा प्रश्न आहे. फोटोंचं म्हणाल तर ते कृष्णधवल आहेत, आणि डेकवर सतत पाणी उडतंय. ओलं लाकूड गडदच दिसतं. शिवाय डेकचं हिनोकीचं (जपानी सायप्रसचं) लाकूड घासणं थांबलं की उन्हापाण्याने राखाडी पडतं. गडद दिसला म्हणून रंगवलेला होता, हे सिद्ध होत नाही.

डोलकाठी:
मग त्याच फोटोत डेकची तुलना टरेटच्या (तोफांच्या फिरत्या बुरुजाच्या) छताशी करा. छताला कुरे गोदीचा राखाडी रंग आहे, ती छटा आपल्याला माहीत आहे. कोरं लाकूड त्याहून उजळ दिसायला हवं.

सुकाणू:
पोलादी छत आभाळाचा उजेड परतवतं, लाकूड तसं परतवत नाही. एका फोटोवर ही तुलना टिकत नाही. सूर्य वेगवेगळ्या बाजूंना असलेले निदान तीन फोटो घ्या, आणि मूळ प्रतीचे स्कॅनच घ्या. पुस्तकात छापताना काळं-पांढरं वाढवलेलं असतं.

पितळी_पट्टी:
डेकवर एवढा काथ्याकूट, आणि आकारांकडे कुणाचंच लक्ष नाही! 1941 च्या जहाजावर मधल्या भागात दोन्ही बाजूंना 15.5 सेंमीचे तिहेरी टरेट होते. 1944 च्या सुरुवातीला ते काढून 12.7 सेंमीच्या दुहेरी तोफा वाढवल्या, सहाच्या बारा जोड्या झाल्या. त्यामुळे आधी तारीख ठरवा, मग किट. नाळेवरचं सोनेरी सेवंतीचं चिन्ह बरीच वर्षं दीड मीटर व्यासाचं धरलं जायचं, पण बुडालेल्या जहाजाच्या 1999 च्या शोधमोहिमेनंतर ते एक मीटरचं ठरलं. 1:350 ला हा फरक 4.3 आणि 2.9 मिमी असा पडतो, समोरून बघताना तो लपत नाही. युद्ध संपताना जपानी नौदलाची बहुतेक कागदपत्रं जाळली गेली, म्हणून मापांच्या बाबतीत समुद्रतळावरचे अवशेष आठवणींच्या वर धरावेत. रंगाबाबत मात्र ते काही सांगणार नाहीत.

डोलकाठी:
मापांचं मान्य. डेक मी काळाच धरतो, पण शुद्ध काळा मारू नका. फळ्यांच्या रेघा बुजतात आणि लहान स्केलमध्ये तो डांबरासारखा दिसतो. आधी तामिया कंपनीचा एक्सएफ-78 (लाकडी डेकचा पिवळसर रंग), त्यावर फळीगणिक दोन-तीन छटा, मग एक्सएफ-69 (काळा) खूप पातळ करून एअरब्रशने तीन-चार हात. वर्दळीच्या जागी एक हात कमी. हे सगळं मनोरा चिकटवण्याआधी उरका, नंतर मास्किंग टेप आत पोचत नाही. खऱ्या लाकडाचा पातळ डेक वापरत असाल तर आधी मॅट वार्निश द्या, नाहीतर रंग शोषून डाग पडतात आणि कडा उचलतात.

सुकाणू:
हीच पद्धत दुसऱ्या हातावर थांबवली की उन्हापाण्याने राखाडलेला डेक मिळतो. मी तिथेच थांबेन. नोव्हेंबरनंतर काळा रंग होता असं सांगणारी साक्ष दाखवा, पुढचे दोन हातही देतो.