मदत हवी आहे: ३८१६५४७२९० या संख्येची ७ ची पायरी

३८१६५४७२९० या संख्येत ० ते ९ हे सर्व अंक एकेकदाच येतात आणि डावीकडून घेतलेल्या पहिल्या २ अंकांच्या संख्येला २ ने, ३ अंकांच्या संख्येला ३ ने, असे करत शेवटी संपूर्ण संख्येला १० ने निःशेष भाग जातो. अशी संख्या ही एकच आहे. फळ्यावर ती लिहून उजवीकडचे अंक हाताने झाकत ३८१६, ३८१६५, ३८१६५४ असे भागाकार करून दाखवले, तेव्हा आठवीची मुले अक्षरशः बाकावरून उठून पुढे आली.

आता ती संख्या शोधायची कशी, हे मला त्यांना शिकवायचे आहे. दहावा अंक ० आणि पाचवा ५ हे उघडच आहे. सम स्थानी सम अंकच येणार, आणि तिसरा व सातवा अंक विषम असल्यामुळे ४ व ८ च्या कसोट्यांनुसार चौथा व आठवा अंक २ किंवा ६ च असू शकतो. पुढे ३ ची कसोटी लावली की मधले तीन अंक २५८ किंवा ६५४ एवढेच उरतात. येथवर मुले स्वतःच पोहोचतात, याचा मला फार आनंद आहे. मात्र त्यानंतर दहा पर्याय शिल्लक राहतात आणि प्रत्येकाचे पहिले सात अंक घेऊन ७ ने भागून पाहावे लागते; उदाहरणार्थ, ९८७६५४३ ला भागल्यास ५ बाकी उरते, तर ३८१६५४७ ला बरोबर ५४५२२१ वेळा भाग जातो.

हे दहा भागाकार टाळता येतील, अशी ७ ची एखादी सुटसुटीत आणि आठवीला सिद्धतेसह समजेल अशी युक्ती कोणी सुचवू शकेल का?